आडवा ठेवलेला पेला

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. एवढं सांगून थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं! तुम्ही मला दुधाचा, सरबताचा, फार तर औषधाचा पेला समजला असता आणि आपली ओळख सुखानं झाली असती. पण मी व्हिस्की चाखायचा पेला आहे. त्यातही साध्यासुध्या व्हिस्कीचा नाही, स्कॉटलंडहून येते त्या स्कॉचचा. तुमच्या निबंधाच्या वहीत फाटकी छत्री बोलते, वडाचं झाड बोलतं, शाळेची घंटा बोलते. त्यांच्याकडे चारचौघांत सांगण्यासारखं काहीतरी असतं. माझ्याकडे सांगण्यासारखं थोडं आणि लपवण्यासारखं फार आहे. पण लपवण्यानं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून आज सगळं सांगून टाकणार आहे.

माझा जन्म फिरोजाबादच्या भट्टीत झाला. नळीच्या टोकावर लालबुंद काचेचा गोळा फिरला, कारागिरानं फुंकर घातली आणि मी झालो. पोट फुगीर, वर निमुळतं होत गेलेलं तोंड, खाली बोटभर दांडी आणि जाड बूड. हा आकार नटण्यामुरडण्यासाठी नाही. व्हिस्की पोटात फिरवली की तिचा वास वर चढतो आणि निमुळत्या तोंडाशी गोळा होतो. माणसानं नाक तिथं न्यायचं. स्कॉटलंड मी पाहिलेलं नाही, पाहण्याची शक्यताही नाही, तरी सुरुवातीला मी स्वतःला तिकडचाच समजत असे. खोक्यातले आम्ही सहाही भाऊ तसलेच, उगाच फुगलेले.

संभाजीनगरच्या बाहेर एक कंपनी आहे. ती स्कॉटलंडहून पिंपांनी व्हिस्की मागवते, इथल्या मद्यात मिसळते आणि बाटल्या भरते. कोणत्या पिंपातली व्हिस्की कशी आहे आणि ती कशात मिसळायची, हे ठरवायला तिथं आठ माणसांचं एक मंडळ होतं. त्यांच्या खोलीत आमची नेमणूक झाली. माझ्या बुडाखाली चारचा आकडा कोरला गेला.

सकाळी साडेदहाला काम सुरू होई. त्याआधी कोणी चहा घ्यायचा नाही, कांदा खायचा नाही, अंगाला अत्तर की केसांना वासाचं तेल लावायचं नाही. आम्हाला रांगेत ठेवत. प्रत्येकात बोटभर व्हिस्की, तोंडावर काचेची चकती आणि पुढ्यात नुसता आकडा. दोनशे सव्वीस, चारशे सतरा, पाचशे तीन. नाव ठाऊक झालं की जीभ नावाची बाजू घेते, म्हणून नाव झाकलेलं. चकती काढून आधी एकदा वास घ्यायचा, पेला लांब धरून पुन्हा घ्यायचा. मग तेवढंच पाणी घालायचं, म्हणजे आत दबून बसलेला वास मोकळा होतो. मग चमचाभर तोंडात घोळवायची आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकायची. गिळायची नाही. त्यानंतर दुसऱ्या पेल्याकडे जायचं आणि तिथून परत पहिल्याकडे यायचं, कारण एकटी व्हिस्की फारसं काही सांगत नाही. दोघी शेजारी ठेवल्या की एकीमुळे दुसरी कळते.

मी ज्या मेजावर होतो ते प्रीतीचं होतं. प्रीती लोहारा तालुक्यातल्या एका लहान गावातली. परभणीला अन्नतंत्राचं शिक्षण घेऊन ती इथं लागली होती. तिचं नाक असं होतं की पेल्यावरची चकती अजून पुरती सरकलेली नसायची आणि हिच्या कपाळावर आठी पडलेली असायची. पण तिची एक अडचण होती. कंपनीनं वासांच्या नावांचा छापील तक्ता दिला होता. त्यात नाताळचा केक होता, हेदर नावाचं कुठलंसं डोंगरी फूल होतं, ओकच्या झाडाची साल होती. यातलं काहीच प्रीतीनं कधी हुंगलं नव्हतं. ती तक्ता पाठ करून त्यातली नावं लिहायची आणि समासात बारीक अक्षरात आपलं खरं काय ते मराठीत लिहून ठेवायची.

चारशे सतरा क्रमांकाची व्हिस्की समुद्रातल्या बेटावरची होती. तिकडे दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर सातू वाळवतात. तिच्यापुढं प्रीतीनं लिहिलं, 'ओलं सरपण घातलेली चूल, वर दवाखान्यातल्या पट्टीचा वास.' पाचशे तीन गोड होती, द्राक्षांच्या मद्याच्या पिंपात मुरलेली. 'गुऱ्हाळात काकवी उतरताना,' तिनं लिहिलं. आणि दोनशे सव्वीस शांत होती, जुनी, नदीकाठच्या गावातली. तिला पाणी घातलं, प्रीतीनं नाक जवळ नेलं आणि तिचे डोळे मिटले. समासात तिनं लिहिलं, 'आईच्या ट्रंकेतली पांढरी साडी. घड्यांत कडुलिंबाचा वाळला पाला. खाली थोडा कडबा.'

शेजारच्या गृहस्थांनी वहीतलं ते पान पाहिलं.

"कडबा?" ते मोठ्यानं म्हणाले. "मॅडम, ही स्कॉच आहे. गोठा नाही."

सगळे हसले. प्रीतीही हसली आणि तिनं ती ओळ खोडली. इतकी जोरात खोडली की मेज हललं. खरं सांगतो मित्रांनो, मीही तेव्हा हसणाऱ्यांच्याच बाजूनं होतो. स्कॉचच्या पेल्यापुढं कडब्याचं नाव काढायचं म्हणजे काय! आज ते आठवलं की मला माझीच किळस येते. कडबा म्हणजे काय हे तरी मला कुठं माहीत होतं?

पुढं एका सकाळी एक नमुना आला. सातजणांनी त्याला चांगलं म्हटलं. प्रीतीनं मला तीनदा जवळ नेलं, तीनदा लांब धरलं. छापील तक्त्यात तिला नाव सापडेना.

"सर, हे पोतं आहे," ती शेवटी म्हणाली. "पावसात भिजलेलं बारदान तसंच दुमडून ठेवलं की येतो तो वास."

या खेपेला हसायच्या आधी मुख्य साहेबांनी गोदामातलं पिंप उघडायला लावलं. तळाच्या फळीला आतून बुरशी होती. त्या दिवशी प्रीती मंडळात कायम झाली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि "हा तुमच्याकडे ठेवा" म्हणून मलाच तिला बक्षीस दिलं. माझ्या आयुष्यातला तो मानाचा दिवस. त्याच्या पुढचं सांगताना मान खाली जाते.

कामावर प्रीती मला रोज सोबत नेई; एरवी तिच्या भाड्याच्या खोलीत मी खिडकीत उभा असे. दर रविवारी तिचा गावाकडे फोन व्हायचा आणि त्या फोनवर ती खोटं बोलायची. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "कशाची कंपनी हाय?" ती म्हणाली, "वास तपासायचं काम आहे, आबा." आबांनी आपल्या मनानं ठरवलं की कंपनी अत्तराची. तिनं तो गैरसमज दूर केला नाही. पुढं पुढं तर ती गावी जाताना अत्तराची कुपी विकत घेऊन जायची, कंपनीची म्हणून. जिला स्वतः अत्तर लावायची मनाई, ती!

ती का लपवत होती हे तुम्हाला कळायला हवं. तिचे वडील श्रीपती तहसील कचेरीत शिपाई होते. निवृत्त झाल्यापासून गावच्या बुद्धविहारात पौर्णिमेची वंदना तेच घेतात. पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे. आणि आई चांगुणाबाई तर आणखी पुढच्या. गावात देशी दारूचं दुकान होतं, तेव्हा त्यांनी शेजारच्या सारजाबाईंना सोबत घेऊन दार आणि दार पालथं घातलं होतं. आपल्याकडे असं दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर बायकांचं मतदान घेतात. कागदावर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. त्या गावात आडवी बाटली जिंकली. तेव्हापासून पंचक्रोशीत त्यांना 'आडव्या बाटलीच्या चांगुणाबाई' म्हणतात. अशा बाईची लेक रोज सकाळी सहा पेले तोंडाला लावते, हे त्यांना कोण आणि कसं सांगणार?

बुद्ध पौर्णिमेला प्रीती गावी गेली. तिथून थेट ती नाशिकला प्रशिक्षणाला जाणार होती, आणि परक्या पेल्यात तिला वास नीट कळत नसे. म्हणून तिनं मला कपड्यांच्या घडीत बांधून सोबत घेतलं.

सकाळी ती अंघोळीला गेली होती. चांगुणाबाई तिची चुरगळलेली पांढरी साडी काढायला बॅगेपाशी आल्या आणि मी त्यांच्या हाती लागलो.

"काय देखणा गलास हाय!" त्या आपल्याशीच म्हणाल्या. "अत्तराचा दिसतुया."

लेकीचं ते आपलं, विचारायचं काय त्यात? त्यांनी मला अंगणातल्या चुलीच्या राखेनं लख्ख घासलं. मला कधीच कोणी एवढ्या मायेनं घासलं नव्हतं. मग पदरात गुंडाळून त्या मला घेऊन निघाल्या. त्या पदराला एक वास होता. ट्रंकेतला, कडुलिंबाच्या पाल्याचा, खाली कुठंतरी वाळल्या कडब्याचा. मी दचकलो. हा वास मी ओळखत होतो. हे तर दोनशे सव्वीस! ज्या ओळीला मी हसलो होतो, तीच ओळ मला आता पोटाशी धरून चालली होती.

विहार पांढऱ्या कपड्यांनी भरला होता. इतकी वर्षं मूर्तीपुढची फुलं आणि पाणी चांगुणाबाईच मांडत. त्यांनी मला पाण्यानं भरलं, वर मोगऱ्याचं एक फूल सोडलं आणि बुद्धांच्या मूर्तीपुढं ठेवलं.

मित्रांनो, मी काच आहे, माझ्यातून आरपार दिसतं. त्या क्षणी मला वाटलं की माझ्यात आजवर जे जे ओतलं गेलं ते सगळं आरपार दिसत असणार. आठशे सकाळींची व्हिस्की, आणि वर मोगरा! मला तिथंच तडकून जावंसं वाटलं. पण फिरोजाबादच्या कारागिरानं मला चांगलं जाड बूड दिलेलं. मी जिथल्या तिथं उभा राहिलो.

प्रीती वडिलांसोबत मागून आली. बायकांत बसली, हात जोडले आणि समोर पाहिलं. तिचे जोडलेले हात सुटले. श्रीपतींनी शीलं सांगायला सुरुवात केली, मागून सगळे म्हणू लागले. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं झालं, खोटं न बोलण्याचं. चांगुणाबाईंचा आवाज सगळ्यांत खणखणीत. पाचव्याला प्रीतीचे ओठ मिटलेले होते.

वंदना झाली, खीर वाटायला सुरुवात झाली. श्रीपतींचा भाचा राजपाल मेणबत्ती लावायला पुढं आला. तो पुण्यात मोठ्या हॉटेलात वेटर आहे. त्यानं मला पाहिलं आणि थबकला.

"मामी, ह्यो गलास कुणी ठिवला हितं?"

"म्या ठिवला. का रं?"

"आवं, ह्यो व्हिस्कीचा हाय. आमच्या हॉटेलात लई म्हागाची स्कॉच असल्याच गलासात देत्यात."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण सांगून बसल्यावर त्याचं त्यालाच कळलं. खिरीचे डाव थांबले. कोणीतरी म्हणालं, "आडव्या बाटलीवाल्या बाईनं उभा गलास आणला की!" आणि दोघंतिघं फिसकन हसली. श्रीपतींचा चेहरा उतरला.

"कुठून आणला ह्यो?" त्यांनी बायकोला विचारलं.

चांगुणाबाईंनी वळून प्रीतीकडे पाहिलं. मीही पाहत होतो. तिनं फक्त "माझा आहे" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. प्रीतीनं माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि ती म्हणाली,

"मला नाही माहीत, आबा. आईनं कुठून आणलाय कुणास ठाऊक."

ज्या हातांनी मला हजारदा उचललं, ज्या नाकाला मी ओळखत होतो, त्या माणसानं मला ओळख दिली नाही. पण माझं सोडा. चांगुणाबाईंना त्या वाक्यातून सगळं कळलं. अत्तर कळलं, रविवारचे फोन कळले, बॅगेतला पेला कळला. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला आणि पुन्हा आला.

"म्या आणला," त्या म्हणाल्या. "लोहाऱ्याच्या बाजारात, भंगारवाल्याकडनं. मला काय कळतंय गलासातलं? चांगला दिसला म्हणून घेतला."

चौथं शील म्हणून झाल्यावर अजून खीरसुद्धा वाटून झाली नव्हती. लेकीचं पाचवं शील झाकायला आईनं आपलं चौथं मोडलं, तेही त्याच मूर्तीपुढं. आणि निमित्त मी. माझ्यातलं फूल तसंच तरंगत होतं.

श्रीपतींनी माझ्यातलं पाणी बाहेर पिंपळाच्या बुडाशी ओतलं आणि माझ्याकडे न बघता मला बायकोच्या हातात दिलं.

दुपारच्या एसटीनं प्रीती निघाली. उंबऱ्यात ती म्हणाली, "आई, मी..." चांगुणाबाई म्हणाल्या, "जा. गाडी चुकंल." तिनं मला मागितलं नाही, आईनं दिलं नाही.

ती गेल्यावर चांगुणाबाईंनी मला नाकाशी धरलं. आधी जवळ, मग लांब, मग पुन्हा जवळ. प्रीती धरायची अगदी तसंच, आणि त्यांना हे कोणीही शिकवलेलं नव्हतं. तिचं नाक कुणाकडून आलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. राखेच्या वासाखाली त्यांना काय सापडलं ते माहीत नाही, पण त्यांनी मला फळीवर तेलाच्या डब्यामागं ढकललं आणि तोंडावर पालथी वाटी घातली.

तिथं मी पाच महिने होतो. माझ्यावर धूळ बसली, तेलाचा चिकट थर बसला, एका कोळ्यानं दांडीपासून भिंतीपर्यंत जाळं विणलं. त्याचं मला काही वाटलं नाही. मला वाटायचं ते त्या स्वयंपाकघरात जे ऐकू यायचं त्याचं.

एक दिवस सारजाबाई आल्या. दारातूनच म्हणाल्या, "चांगुणाबाई, इहारात दारूचा गलास तुमी ठिवला, असं गावात बोलत्यात. खरं हाय का ओ?"

"खरं हाय," चांगुणाबाई म्हणाल्या आणि पीठ मळत राहिल्या. सारजाबाईंनी उंबऱ्यावरचा पाय मागं घेतला. "मतदानाच्या वक्ताला म्या तुमच्या मागं हिंडले," एवढं बोलून त्या गेल्या.

पुढच्या पौर्णिमेला चांगुणाबाईंनी फुलं काढली, परडी भरली आणि श्रीपतींच्या हातात दिली. "तुमी जावा. माझं अंग दुखतंय." त्याच्या पुढच्या पौर्णिमेलाही अंग दुखलं. आषाढात पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला, विहारात रोज ग्रंथवाचन होऊ लागलं, तरी त्या गेल्या नाहीत. श्रीपती आधी चिडले, मग घाबरले.

"लोक काय, चार दिवस हसत्यात आन् इसरत्यात," ते समजावू लागले. "तुला कोण काय बोललं का?"

"लोकांचं न्हाय ओ," त्या म्हणाल्या. "चौथ्याला माझं त्वांड उघडत न्हाय."

श्रीपतींना काही समजलं नाही. मला समजलं, आणि मी तेलाच्या डब्यामागं आणखी अंग चोरलं. त्या बाईचा सगळ्यांत खणखणीत आवाज माझ्यामुळे बंद पडला होता. मला तोंड आहे, तेही खास घडवलेलं, पण त्यातून वास येतो, शब्द येत नाही. दोनच माणसांना खरं ठाऊक होतं. एक बोलत नव्हती आणि दुसरी फोनसुद्धा करत नव्हती.

शेवटी श्रीपतींनीच फोन लावला. "प्रीती, तुझी आई इहारात येईना झालीय गं. चार म्हैनं झालं. म्हणती, चौथ्याला त्वांड उघडत न्हाय. तुला काय कळतंय का बघ." मग श्रीपती म्हणाले, "रडतीस कशाला?"

आश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपायच्या दिवशी, प्रीती सकाळच्या पहिल्या गाडीनं आली. अत्तराची कुपी आणली नव्हती. श्रीपती विहार झाडायला गेले होते. ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि आईपुढं खाली बसली.

"आई, मी दारूच्या कंपनीत आहे. स्कॉच तपासते. पीत नाही, थुंकते. पण लोकांनी प्यावी म्हणून तपासते."

"मला ठावं हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांचे हात भाकरीवरच होते.

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"तू बोलावं म्हणून."

प्रीतीनं बॅगेतून आपली वही काढली. आईला सगळं कळावं असं तिला वाटत असावं, किंवा काय करावं ते कळत नसावं. ती वाचू लागली. कोणत्या पेल्यात काय, कोणता कशाहून वेगळा. ओलं सरपण, गुऱ्हाळातली काकवी, भिजलेलं बारदान. चांगुणाबाई ऐकत होत्या. मग ती खोडलेली ओळ आली. "आईच्या ट्रंकेतली पांढरी साडी," प्रीती म्हणाली. "घड्यांत कडुलिंबाचा..." आणि तिला पुढं वाचता येईना.

तव्यावरची भाकरी करपली. चांगुणाबाईंनी ती उतरवली.

"म्हंजी माझ्या घरातल्या वासावर तू दारू पारखतीस," त्या म्हणाल्या. हे रागानं म्हटलं की नवलानं, मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही असावं.

"सोडू का नोकरी?"

"ते तुझं तू ठरीव. माझ्यावर ढकलू नगं. म्या दुकान बंद केलं ते माझ्या गावातलं. तुझ्या आविष्याचं मतदान मला करता यायचं न्हाय." त्यांनी हात पुसले. "पर माझं चौथं शील तेवढं मला परत दे."

प्रीती उठली. तेलाच्या डब्यामागं हात घालून तिनं मला काढलं. कोळ्याचं जाळं तुटलं, तिच्या बोटांना तेलकट धूळ लागली. तिनं मला धुतलं नाही, पुसलं नाही. तसाच हातात धरून ती चालू लागली. गावातून, सगळ्यांच्या दारावरून, उघड्या हातात! पाच महिन्यांपूर्वी मी याच रस्त्यानं पदरात लपून गेलो होतो. आता मला लाज वाटत होती, तिलाही वाटत होती. पण तिनं मला पदराखाली घेतलं नाही.

विहारात माणसं जमली होती. चांगुणाबाई दारात थांबल्या, आत आल्या नाहीत. प्रीतीनं मला मूर्तीपुढं नेलं नाही. माणसांपुढं धरलं.

"हा पेला माझा आहे," ती म्हणाली. "आईनं बाजारातून आणला नव्हता. माझ्या बॅगेतून घेतला, अत्तराचा समजून. मी अत्तराच्या कंपनीत नाही, व्हिस्कीच्या कंपनीत आहे. त्या दिवशी मी खोटं बोलले, आणि मला झाकायला आई खोटं बोलली. आबांना यातलं काही माहीत नव्हतं."

कोणी हसलं नाही. राजपाल खाली बघत होता. श्रीपतींनी हातातला झाडू भिंतीला टेकवला. तो घसरून पडला, त्यांनी पुन्हा टेकवला. कचेरीत, एसटीत, बाजारात, जिथं माणूस भेटेल तिथं त्यांनी लेकीचं अत्तर सांगितलं होतं. मग ते आपल्या जागेवर जाऊन बसले आणि दाराकडे बघून म्हणाले,

"या की आत. कुणासाठी थांबलाय?"

आयुष्यभर बायकोला एकेरी बोलवणारा तो माणूस त्या दिवशी 'या' म्हणाला.

वंदना सुरू झाली. मी प्रीतीच्या मांडीवर होतो. चौथ्या शीलाला चांगुणाबाईंचा आवाज आला, आधी घोगरा, मग पहिल्यासारखा. प्रीतीनं चारही शीलं मोठ्यानं म्हटली. पाचव्याला ती गप्प राहिली. पण या खेपेला तिनं मान खाली घातली नाही. तिचं गप्प राहणं सगळ्यांना दिसत होतं. आणि श्रीपतींचा आवाज नेमका त्या शीलाला फाटला.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. श्रीपतींनी संध्याकाळी लेकीची बॅग उचलून एसटीच्या थांब्यापर्यंत नेली, पण वाटेत ते तिच्याशी बोलले नाहीत, असं नंतर चांगुणाबाईंच्या बोलण्यातून कळलं. प्रीती अजून त्याच कंपनीत आहे. पुढं काय करायचं ते तिचं ठरलेलं नाही. रविवारी फोन येतो तेव्हा ती आईला सांगते, आज कशाला कशाचा वास होता. चांगुणाबाई हो की नाही म्हणत नाहीत. एकदा मात्र म्हणाल्या, "कडबा नवा का जुना, ते बी लिहीत जा. दोन्हीचा वास येगळा असतुया."

मला तिनं नेलं नाही. आईनं ठेवून घेतलं. चांगुणाबाईंनी मला गरम पाण्यानं धुतलं, साबण न लावता, लेकीनं सांगितलं तसं. मग तेलाचा डबा खाली ठेवला आणि फळीवर अगदी पुढं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं मला ठेवलं. पण उभं नाही. "उभा न्हाय ठेवायची म्या," त्या म्हणाल्या आणि मला आडवा केला. गोल पोटामुळे मी घरंगळू लागलो, तेव्हा त्यांनी जुन्या पांढऱ्या साडीची चिंधी दुमडून माझ्याखाली सारली. त्या चिंधीला कडुलिंबाचा वास आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. कोणी म्हणतं मला फेकू नका, कोणी म्हणतं मला जपून वापरा. मला फेकलंत तरी तक्रार नाही. मी काही पूजेत ठेवण्याजोगा नाही आणि माझी लाज माझ्याबरोबरच राहणार आहे. माझं मागणं एवढंच आहे की आपली वस्तू ओळखायची वेळ आली तर ओळखा. तुम्ही ओळख नाकारलीत तर ती तुमच्या आईला सांभाळत बसावी लागते.

परवा सारजाबाई चहाला आल्या होत्या, दारातून परत गेल्या त्यानंतर पहिल्यांदाच. त्यांची नजर माझ्यावर गेली. विचारावं की नाही, असं त्यांचं चाललं होतं. चांगुणाबाईंनी कपबशी त्यांच्यापुढं सारली आणि आपण होऊनच म्हणाल्या,

"माझ्या लेकीचा हाय. व्हिस्कीचा."

आवाज जराही खाली आणला नाही.